झुलीखालची जखम

आपल्याकडं लग्न ठरलं की घरातल्या बायका साड्यांच्या मागं लागतात आणि पुरुष घोडीच्या. घोडी पांढरीच पाहिजे. तांबडी चालत नाही, काळी तर नाहीच नाही. फोटोत पांढरी उठून दिसते म्हणे! ती नाचणारी पाहिजे, डीजेला न बुजणारी पाहिजे, फटाक्यांत गपगुमान उभी राहणारी पाहिजे. तिला तहान लागते का, तिच्या पाठीला काही होतं का, हे कुठल्या वरबापानं विचारल्याचं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आप्पासाहेबांनीही विचारलं नाही. पिशोरला त्यांची बागायती जमीन, चितेगावला पत्र्याची शेड असलेला प्लॉट, आणि राहायला शहरात गारखेड्याला दुमजली घर. एकुलता एक मुलगा सार्थक वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर. त्याच्या लग्नात कशाचीच कमी राहू द्यायची नाही असा आप्पासाहेबांनी चंगच बांधला होता. सार्थकच्या डोक्यावर पुढून केस विरळ झाले होते, तर त्याला जालना रोडच्या एका स्किन क्लिनिकमध्ये धाडून त्यावरही उपाय करून आणला. वरबापाला पोराचं टक्कल फोटोत नको होतं.

घोडीसाठी ते स्वतः मुंजाबाकडं गेले. चितेगावच्या अलीकडं रस्त्यालगत मुंजाबाचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. चरायची रानं प्लॉटिंगमध्ये गेली तशी मेंढरं कमी होत गेली, आणि मुंजाबानं लग्नाची घोडी पाळली. तिचं नाव शेवंती.

मुंजाबा म्हणाला, "मालक, दुसरी घोडी बघा. शेवंतीच्या पाठीला खोगीर लागलंय. काही दिस मोकळी सोडावं म्हनतो."

"लंगडती का?"

"नाय. पर पाठ चिघळलीय जरा."

"अरे मग वरून झूल टाकल्यावर कोणाला दिसतंय!" आप्पासाहेब हसत म्हणाले. "तिथी दाट आहे, ऐनवेळी पांढरी घोडी मला कुठं मिळणार? ते काही नाही. शेवंतीच पाहिजे."

हे बोलणारा माणूस कोणी कसाई नव्हता, बरं का! पोळ्याला बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळणारा, दारात आलेल्या गाईला पोळी दिल्याशिवाय न जेवणारा माणूस होता. किळस येते ती नेमकी याचीच. दुष्ट माणसानं असं बोलावं तर आपण त्याला दुष्ट म्हणून मोकळे होतो. चांगल्या माणसाचं काय करायचं?

आणि मुंजाबा तरी कुठं नाही म्हणाला? मान खाजवली, घोडीकडं एकदा बघितलं, अन् म्हणाला, "बरं मालक. तुमी म्हनता तर."

लग्न पैठण रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. मुहूर्त संध्याकाळचा. त्याआधी परण्या, म्हणजे नवरदेवानं घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जाऊन यायचं. एप्रिलचं ऊन, डांबर पायाला चिकटतंय, पुढं डीजेचा टेम्पो, मागं नाचणारे पाहुणे. शेवंतीला नीळ घालून धुतलेली, कपाळावर तुरा, पायांत घुंगरू आणि पाठीवर लाल मखमलीची, आरसे लावलेली जाडजूड झूल. वर खोगीर. त्याच्यावर क्रीम रंगाच्या शेरवानीत सार्थक.

थोडं अंतर जातंय न जातंय, तोच वास यायला लागला.

आधी लोकांना वाटलं, गटार तुंबलंय. मग कोणी म्हणालं, जवळ चिकनवाल्यानं घाण टाकली असेल. पण गटार मागं पडलं, दुकानं मागं पडली, वास काही मागं पडेना. तो परण्याबरोबरच चालत होता! बायकांनी नाकाला पदर लावले. मुंजाबानं खिशातून अत्तराची बाटली काढली आणि घोडीच्या अंगावर शिंपडली. अत्तर आणि सडकं मांस यांचं जे कालवण झालं, ते ज्यांनी हुंगलं त्यांना पुढं कित्येक दिवस अत्तराचा वास सहन झाला नाही.

सार्थकला मांडीखाली ओलं लागलं. त्याला वाटलं घाम. हात लावून बघितला तर बोटांना काळपट, पिवळट, चिकट काहीतरी आलं. तो घाईनं खाली उतरला. शेरवानीच्या मागच्या बाजूला हातभर डाग! पू, रक्त आणि तेल. करवल्या किंचाळल्या. एकीला तिथंच ओकारी झाली.

आता तरी सगळं थांबायला पाहिजे होतं की नाही? तुम्ही म्हणाल, थांबलंच असेल. कसलं काय!

"अर्ध्या वाटेत परण्या थांबवतात होय?" आप्पासाहेब डीजेच्या आवाजावर ओरडले. "अपशकुन नको मला! शेला टाका त्या खोगिरावर. सार्थक, बस! वाजवा रे!"

आणि सार्थक बसला. शिकलेला, सवरलेला, कंपनीत लोकांना सुरक्षेचे धडे देणारा सार्थक खोगिरावर शेला टाकून पुन्हा त्याच पाठीवर बसला. दोनशे माणसं बघत होती. एकानंही "अरे, थांबा" म्हटलं नाही. पुन्हा नाच सुरू झाला.

मारुतीच्या देवळापाशी शेवंती थांबली. मुंजाबानं लगाम ओढला, काठीनं डिवचलं. ती पुढं सरकली नाही. तिचे पुढचे पाय थरथरले, दुमडले, आणि ती रस्त्यावर गुडघ्यांवर आली. सार्थक कसाबसा बाजूला पडला.

गर्दीतून एक तरुण बाई वाट काढत पुढं आली. अंगावर पैठणी, केसांत गजरा. ती अंबिका, नवरी सायलीची कॉलेजपासूनची मैत्रीण आणि चितेगावला दवाखाना असलेली जनावरांची डॉक्टर. तिचा बाप आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला, त्यामुळं जनावर गुडघ्यावर आलं याचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं पदर खोचला आणि खोगिराचा पट्टा सोडला.

"म्याडम, झूल नका काढू," मुंजाबा काकुळतीला आला. "पाव्हण्यांम्होरं नको."

अंबिकानं झूल काढली.

काय होतं खाली? आधी प्लास्टिकचा तुकडा. त्याखाली कापसाचा थर, पुवानं भिजून काळा पडलेला. कापूस उचलला तर त्याला कातडं चिकटून आलं. त्याखाली ताटलीएवढा खड्डा. कडेला चुना थापलेला, मधे काळंकुट्ट तेल, आणि त्या तेलातून वळवळत वर येणारे किडे! जवळ उभे असलेले लोक एकदम मागं सरले. काहींनी तोंडं फिरवली. काहींनी मोबाईल काढले. ज्यांना बघवत नव्हतं तेसुद्धा व्हिडिओ मात्र काढत होते.

"मामा, हे काय लावलंय?" अंबिकानं विचारलं.

"ऑइल हाय. पुतन्या वाळूजच्या कंपनीतून आनतो, मशीनवरचं. लई जालीम असतंय. आमच्याकडं समदे तेच लावत्यात."

"जखमेला? कामून?"

"त्यानं मशीनला गंज चढत नाय, म्हनून जखम बी सडत नाय."

सार्थकला तो वास ओळखू आला. त्याच्याच कंपनीत ड्रममध्ये साठवून, वर धोक्याची पाटी लावून बाहेर पाठवतात ते जळकं ऑइल! कामगारांच्या हाताला ते लागू नये म्हणून तोच रोज हातमोजे घालायला लावत होता.

"मशीन लोखंडाची असती, मामा," अंबिका म्हणाली. "ही कातड्याची आहे. हिला आत जीव आहे. तुम्ही जखम झाकली, बुजवली, तिच्यावर तेल ओतलं, आणि वर माणूस बसवला!"

तेवढ्यात आप्पासाहेब पुढं आले. "डॉक्टरबाई, ते नंतर बघू. मुहूर्त टळतोय. हिला जरा बाजूला ओढायला लावा. पाहुण्यांच्या वाटेत ही घाण नको."

अंबिकानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. "घाण कुणी केली, काका? हिनं?"

आप्पासाहेब चिडले आणि पाहुण्यांना हाकत कार्यालयाकडं निघाले.

सार्थक पायी गेला. डागाळलेली शेरवानी बदलून साधा सदरा घालून बोहल्यावर उभा राहिला. नवरदेव पायी आला म्हणून अक्षता काही हवेत अडकल्या नाहीत! मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या, सगळं रीतसर पार पडलं. फक्त अंबिका आपल्या जिवलग मैत्रिणीच्या लग्नाला नव्हती. ती देवळासमोर रस्त्यावर बसून पैठणीवर पू उडवून घेत चिमट्यानं किडे काढत होती. सार्थकच्या ताटात जिलेबी आली तेव्हा त्याला आपल्या बोटांचा वास आला. दहा वेळा हात धुतले होते, तरी आला. त्यानं ताट सारलं.

व्हिडिओ पसरायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पिशोरपासून पैठणपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर शेवंतीची पाठ होती. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं, 'किती निर्दयी माणसं!' लिहिणाऱ्यांतले निम्मे त्या परण्यात नाचलेले होते, हे विशेष.

सार्थक आणि सायलीनं देवदर्शनाला जायचं सोडून आधी मुंजाबाचं घर गाठलं. अंबिका तिथं होतीच. घोडीला पक्कं छप्पर, कोरडी जमीन आणि माशा येणार नाहीत अशी जागा हवी होती. सार्थकनं वडिलांकडं चितेगावची शेड मागितली. आप्पासाहेबांनी दिली, पण घोडीसाठी नाही. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून दिली.

मग अंबिकाचं रोजचं काम सुरू झालं. सडलेलं मांस कापून काढायचं, खड्डा धुवायचा, औषध लावायचं, पट्टी करायची. मुंजाबा घोडीचं तोंड धरून उभा राहायचा आणि दुसरीकडं बघायचा. एके दिवशी अंबिका त्याला म्हणाली, "मामा, इकडं बघा. तुमचीच आहे ती." त्यानं बघितलं, आणि शेडच्या बाहेर जाऊन भडाभडा ओकला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "म्याडम, ह्याच्यावर मी रोज खोगीर आवळत व्हतो."

किडे गेले, पू थांबला, शेवंती चारा खायला लागली. पण खड्डा काही भरेना. आठवडे गेले तरी कडा जागच्या हलेनात. जुनी, पुन्हापुन्हा घासली गेलेली जखम अशीच हट्टी होते. अंबिकानं एका रविवारी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. आप्पासाहेबही आले, हात मागं बांधून लांब उभे राहिले.

"आता हिचंच रक्त काढून हिलाच द्यायचं," अंबिका म्हणाली. "मानेतून थोडं रक्त घ्यायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं. तांबडं खाली बसतं, पिवळं पाणी वर राहतं. त्या पाण्यात प्लेटलेट्स गोळा करता येतात. तेच जखमेच्या कडेनं टोचायचं. त्याला पीआरपी म्हणतात."

"डेंगूत कमी होतात त्या प्लेटलेट्स?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"त्याच, काका. आपल्याला कापलं की रक्त थांबवायला त्याच आधी धावतात. आणि आजूबाजूच्या पेशींना सांगतात, चला, इथं भरून काढायचंय."

मुंजाबा मधेच उसळला. "रगत काढायचं? नाय जमायचं! घोडीचं रगत एकदा भाईर गेलं की तिची चाल जाती. आमचा बाप सांगत व्हता. ऑइल नको म्हनलात, सोडलं. चुना नको म्हनलात, सोडला. पर रगत नाय!"

"मामा, आधीच तिचं किती रक्त त्या झुलीत गेलंय, ते चालतं?"

"ते निराळं."

"कसं निराळं?"

मुंजाबा घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. आप्पासाहेबांना मात्र हसू आलं. "जनावराला कुठं असले लाड असतात का! आमच्या बैलांना काय कधी रक्त फिरवून टोचलं? उद्या घोडीला ब्युटी पार्लरात नेताल!"

तेव्हा सार्थक पुढं झाला. वडिलांपुढं कधी शब्द न काढणारा मुलगा तो. त्यानं मान खाली घातली आणि केसांतून हात फिरवून टाळू दाखवली.

"आप्पा, लग्नाआधी तुम्ही मला क्लिनिकमध्ये पाठवलं होतं. तिथं माझ्या डोक्याला काय टोचलं, माहितीय? हेच. माझंच रक्त काढून, फिरवून, मलाच टोचलं. पीआरपीच होतं ते! फोटोत माझं टक्कल दिसू नये म्हणून. आणि हिच्या पाठीला खड्डा पडलाय, आप्पा! आपण पाडलाय. माझ्या टकलाला चालतं, आणि हिच्या जखमेला केलं की लाड?"

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. मुंजाबा सार्थकच्या डोक्याकडं टक लावून बघत होता.

"खरंच रगत काढलं व्हतं, धाकले मालक?"

"खरंच."

"आन चाल बी गेली नाय तुमची," मुंजाबा विचार करत म्हणाला. मग अंबिकाकडं वळला. "काढा म्याडम. मी धरतो."

अंबिकानं शेवंतीला गुंगीचं औषध दिलं, मानेवरची जागा भादरून स्वच्छ केली आणि नळ्यांत रक्त घेतलं. दवाखान्यातून आणलेल्या मशीनमध्ये नळ्या फिरवल्या. बाहेर काढल्या तेव्हा तळाशी गडद तांबडा थर, वर उसाच्या रसासारखं पिवळसर पाणी, आणि दोन्हींच्या मधे एक पुसट पांढरी रेघ. तिनं एक नळी आप्पासाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती नाइलाजानं धरली. नळी कोमट होती.

"रक्त गोठू नये म्हणून टाकलेलं थेंबभर औषध सोडलं, तर यात मी काही घातलेलं नाही," अंबिका म्हणाली. "जखम भरायचं सामान हिच्याच अंगात होतं, काका. पहिल्या दिवसापासून होतं. आपण हिला उसंत दिली असती, तर कदाचित माझीसुद्धा गरज पडली नसती."

मग तिनं ते पिवळं पाणी बारीक सुईनं जखमेच्या कडेनं सोडलं, उरलेलं खड्ड्यावर टाकलं आणि वर स्वच्छ पट्टी बांधली.

"आता भरंल?" मुंजाबानं विचारलं.

"भरायला मदत होईल. हा काही अंगारा नाही, मामा. आधी जखम साफ केली म्हणून याचा उपयोग. आणि या पाठीवर परत ओझं आलं, तर मी काहीही टोचलं तरी उपयोग नाही. मी सांगेपर्यंत खोगीर नाही. झूलसुद्धा नाही."

नंतर अंबिकानं आणखी एकदा तसंच केलं. हळूहळू कडा सरकायला लागल्या. खड्ड्याच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस भरत आलं. वरून पातळ गुलाबी कातडी धरली. सार्थक ड्युटीवरून येताना रोज शेडकडं वळायचा. मुंजाबाच्या घरचं ऑइल त्यानं डब्यासकट कंपनीत परत नेलं, आणि मुंजाबाच्या पुतण्याला चार लोकांत असं झापलं की त्या लाइनवरून पुन्हा कोणी बाटली भरून बाहेर नेली नाही.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

लग्नसराईच्या शेवटच्या तिथी आल्या. आप्पासाहेबांच्या बायकोचे भाऊ, कारभारी नावाचे, पिशोरला राहतात. त्यांच्या मुलाचं लग्न निघालं. त्यांचा फोन आला, "दाजी, पांढरी घोडी कुठंच मिळंना. तुमच्या शेडमधी एक हाय म्हनं. आता बरी झालीय ना?"

आणि आप्पासाहेब म्हणाले, "झालीय की!"

बघितलंत? किडे बघून झाले, पू बघून झाला, पोराची टाळू बघून झाली, हातात कोमट नळी धरून झाली. तरी माणूस म्हणतो, झालीय की! आपल्या कातडीला कुठलं औषध लागू पडतं, देव जाणे.

दुपारी आप्पासाहेब शेडवर आले. अंबिका नव्हती, सार्थक कंपनीत होता. मुंजाबा घोडीपुढं हिरवा चारा टाकत होता.

"मुंजाबा, उद्या पिशोरला जायचंय. झूल काढ."

"म्याडमनी नाय म्हनलंय."

"म्याडमला मी सांगतो. तासाभराचा तर प्रश्न आहे. कातडी धरलीय ना आता?"

"मालक, कातडी कोवळी हाय."

"अरे, घरचं लग्न आहे! मी शब्द दिलाय."

मुंजाबानं चारा खाली ठेवला. हा माणूस उभ्या जन्मात आप्पासाहेबांसारख्या कोणाला नाही म्हणाला नव्हता. तो म्हणाला, "झूल तिकडं खुंटीला हाय. तुमी टाका. माझ्या हातानं नाय टाकनार."

आप्पासाहेबांना राग आला. एवढा नोकर-माणसासारखा माणूस, आणि उलटून बोलतो! त्यांनी तरातरा जाऊन खुंटीवरची झूल ओढली. ती मखमलीची लाल झूल, धुऊन-वाळवून ठेवलेली. आरसे खणखणले.

तो आवाज शेवंतीच्या कानावर पडला.

तिनं मान वळवून बघितलं. तोंडातला घास तसाच खाली पडला. ती मागं सरकली, आणखी मागं, शेवटी पत्र्याला टेकली. आप्पासाहेब झूल दोन्ही हातांत पसरून एक पाऊल पुढं आले, आणि घोडीनं पाठ खाली खचवली. झूल अजून तिच्यापासून वावभर लांब होती! काहीही पाठीवर पडलं नव्हतं, तरी तिची पाठ आधीच वाकली होती. ती कोवळी गुलाबी कातडी लटलट उडत होती. मानेवर घाम फुटला. आणि मग ती उभ्याउभ्या मुतली, भीतीनं, आप्पासाहेबांच्या चपलांपर्यंत ओघळ आला.

ती किंचाळली नाही, तिनं लाथ मारली नाही. नुसती बघत राहिली, आता टाकणार म्हणून.

आप्पासाहेबांच्या हातातली झूल खाली गळाली. त्यांच्या नाकात तो वास भरला, अत्तराचा आणि सडक्या मांसाचा. शेडमध्ये तसला वास आता कुठंच नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता किळस येतेय ती घोडीची नव्हेच. ती आपल्या स्वतःची येतेय! या हातांची, 'कोणाला दिसतंय' म्हणणाऱ्या आपल्या तोंडाची.

"मुंजाबा," ते म्हणाले, "अरे, ही मला घाबरते!"

"व्हय मालक. मला बी घाबरती."

दोघंही तिथंच मातीत बसले. एकाला जमीन होती, एकाला नव्हती. पण त्या जनावराच्या डोळ्यांत दोघांत काडीचाही फरक नव्हता.

तेवढ्यात कारभारींचा फोन आला. आप्पासाहेबांनी डोळे पुसले आणि उचलला.

"दाजी, घोडी निघाली का?"

"घोडी येणार नाही."

"आता वो? मग परण्या कसा काढायचा?"

"कारभारी, पोराला देवानं पाय दिलेत ना?"

"दिलेत की. कामून?"

"मग चालू द्या त्याला! आणि दुसरी घोडी आणणार असाल, तर तो बसायच्या आधी झूल वर करून तुम्ही स्वतः तिची पाठ बघा. नाही बघितली, तर मी लग्नाला येणार नाही. तुमच्या बहिणीला सांगा, आप्पांना वेड लागलंय."

पिशोरचा तो परण्या पायी निघाला. आप्पासाहेब नवरदेवाच्या शेजारून चालले. काही पाहुणे हसले, काहींनी नाकं मुरडली. मारुतीनं काही तक्रार केली नाही.

मुंजाबानं घोडीचा धंदा सोडला आणि पुन्हा मेंढरं घेतली. आप्पासाहेब आता आपल्या पिशोरच्या रानात त्याची मेंढरं बसवतात. रानाला खत मिळतं, मुंजाबाच्या घरात धान्य जातं. शेवंतीच्या पाठीवर केस आलेत, जखमेच्या जागी थोडे निराळे, आखूड. आप्पासाहेब तिच्यासाठी गूळ घेऊन जातात. ती त्यांच्या हातचा गूळ खाते. पण त्यांचा हात पाठीकडं गेला, की अजूनही अंग चोरते. कातडं भरलं, भीती मात्र गेली नाही. त्या भीतीसाठी अंबिकाच्या दवाखान्यात कुठलीच नळी नाही.

म्हणून माझं तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. जखमेवर जळकं ऑइल, चुना, फिनेल असलं काही ओतू नका. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आता विज्ञान इतकं पुढं गेलंय, की जनावराच्याच रक्तातून त्याची जखम भरायला मदत करता येते. पण रक्ताला जे करायचं ते रक्त करतं, डॉक्टरला जे करायचं ते डॉक्टर करतो. आपल्या वाटणीला फार थोडं येतं. जखमी पाठीवरून खाली उतरायचं, बस्स! आणि तेवढंसुद्धा आपल्याला कोणीतरी सांगावं लागतं, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.